बांगड्याला आंघोळ घालू नका: किनाऱ्यावरचा ताजा मासा तव्यापर्यंत नीट कसा आणावा

मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा, तोही वर्षातून दोन-तीनदा, कुणी आणून दिला तर. लग्न होऊन मालवण तालुक्यात आले आणि पहिल्याच ऑक्टोबरात समोर बांगड्यांची टोपली आली. मी ते बांगडे सात पाण्यांनी धुतले आणि वर, वास जायला हवा म्हणून, घमेलंभर पाण्यात बुडवून ठेवले. तासाभराने सासूबाई मागीलदारी आल्या. आधी घमेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माशाक आंघोळ घालतंस काय गो?"

त्या रात्री तिखल्यात, म्हणजे माशाच्या तिखट रश्शात, बांगडा शोधावा लागला. पाणी पिऊन फुगलेलं मांस टोपात विरघळून गेलं होतं, काटे तेवढे चमच्याला लागत होते. मसाला उत्तम होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मी नवशिक्यांना एकच सांगते. मासा बिघडतो तो बहुतेक वेळा मसाला लागण्याच्या आधीच. किनाऱ्यावरून घरी येईपर्यंत तो तापला किंवा पाण्यात भिजत पडला, की पुढे कितीही आलं-लसूण लावा, काही होत नाही. म्हणून या लेखात पाककृती शेवटी येते, आणि आधी बर्फ, कात्री आणि कोरडं फडकं.

शिकायला मासा घ्यायचा तो बांगडाच. पावसाळा सरला की तो भरपूर मिळतो, इतर माशांच्या मानाने स्वस्त असतो, खवले बारीक असतात, आणि मधला काटा सरळ असल्याने खाणाराही घाबरत नाही. चार बांगडे बिघडले तरी खिसा फाटत नाही. पापलेटवर हात साफ करायला जाऊ नये.

ताजा म्हणजे किती ताजा

तारकर्ली, देवबाग, आचरा या बाजूला अजून रापण ओढतात. होडीतून अर्धगोलात जाळं टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरची माणसं ओढत आणतात. त्यातला मासा वाळूवर येतो तेव्हा बरेचदा तडफडत असतो. बंदरावरच्या मोठ्या ट्रॉलरचा मासा मात्र कधी कधी काही दिवस बोटीतच बर्फात पडून आलेला असतो. विकणारे दोघेही 'ताजा' म्हणतात, आणि नीट बर्फात ठेवलेला असेल तर ट्रॉलरचा मासाही वाईट नसतो. उन्हात तीन तास पडलेल्या रापणीच्या माशापेक्षा तो कधीही चांगला. मासा कधी पकडला एवढंच विचारून भागत नाही, तेव्हापासून तो कुठे होता हेही बघायला लागतं.

बघायची पहिली जागा म्हणजे कल्ला. डोक्याच्या बाजूचं झाकण अंगठ्याने उचलायचं. आत लालभडक आणि ओलसर दिसलं तर ठीक. तपकिरी, राखाडी किंवा चिकट बुळबुळीत असेल तर टोपली परत. मासेवालीला याचा राग येत नाही, उलट चांगली मासेवाली स्वतःच कल्ला उघडून दाखवते. मग डोळा. तो फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला आणि दुधाळ नको. मात्र बर्फ लागून लागून डोळा थोडा धुरकट होऊ शकतो, म्हणून केवळ डोळ्यावरून निकाल देऊ नये.

बांगड्यात तिसरी जागा पोट. बांगडा भरपेट खाऊन जाळ्यात आलेला असेल तर त्याच्या पोटातले पाचक रस मेल्यावरही काम करत राहतात आणि आतून पोटाची भिंतच खातात. पोट मऊ पडलेलं, फाटलेलं किंवा खालून पाझरणारं असेल तर बाकी मासा चकचकीत असला तरी घेऊ नका. वास समुद्राचा, शेवाळासारखा यायला हवा. नाक मागे घ्यावंसं वाटलं तर पायही मागे घ्यावा.

शेवटी ताठपणा. मासा डोक्याकडून धरून आडवा ठेवला की शेपूट खाली लोंबायला नको. पण यात एक गंमत आहे. अगदी आत्ता मेलेला मासा मऊच असतो. काही वेळाने तो लाकडासारखा ताठ होतो आणि नंतर पुन्हा सैल पडतो. रापणीवरून पाच मिनिटांत घेतलेला बांगडा लुळा वाटला तर घाबरू नका, बाजारात दुपारी दोन वाजता लुळा वाटला तर घाबरा.

याच कारणाने 'जाळ्यातून थेट तव्यावर' हे ऐकायला छान असलं तरी नवशिक्याने करू नये. ताठ होत असलेला मासा गरम तव्यावर आकसतो, धनुष्यासारखा वाकतो आणि त्याचं कातडं फाटतं. ताठपणा ओसरेपर्यंत बर्फात राहू द्या. चव कमी होत नाही, हाताळायला मात्र सोपा होतो.

वारही लक्षात ठेवा. सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच घरांत मासा वर्ज्य असतो, त्यामुळे बाजार थंड असतो आणि आदल्या दिवशीचा माल उरलेला असू शकतो. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कुणी 'आजच बोटीतून उतरलेली सुरमई' दाखवली तर हसून पुढे जा. ती शीतगृहातली तरी असते, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली.

बर्फ: इथे कंजूषी नको

मासे घ्यायला जाताना पिशवी नव्हे, डबा न्यायचा. थर्माकोलचा साधा खोका चालतो. हिशेब सोपा, एक किलो माशाला एक किलो बर्फ. लोकांना हे जास्त वाटतं. गोळेवाल्याकडून आणलेल्या बर्फाचे पाच-सहा खडे पिशवीत टाकून ते समाधानी असतात. पण आपल्याकडच्या उन्हात निम्मा बर्फ माशाला गार करण्यातच संपतो, गार ठेवायला उरेल तो दुसरा निम्मा.

बर्फ फोडून बारीक करा. मोठी लादी माशाला एकाच बाजूने टेकते, बारीक बर्फ सगळीकडून बिलगतो. खोक्यात खाली बर्फाचा थर, त्यावर मासे, पुन्हा बर्फ, पुन्हा मासे, सर्वांत वर जाड बर्फ. खोक्याच्या तळाला एका कोपऱ्यात बोटभर भोक पाडा आणि तो कोपरा किंचित उतरता ठेवा. वितळलेलं पाणी तिथून जायला हवं, नाहीतर खालचे मासे रक्ताळलेल्या पाण्यात पोहत घरी येतात. एकदा आम्ही भोक न पाडता फोंडा घाटातून वर आलो. कोल्हापुराला पोचेपर्यंत खालचे सहा बांगडे पांढरे आणि गुळगुळीत झाले होते. गाडीच्या डिकीला पुढे आठवडाभर कुणी हात लावला नाही.

बर्फाच्या रंगाकडे लक्ष द्या. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे. असा निळसर बर्फ मिळाला तर मासे आधी जाड पिशवीत बंद करा आणि बर्फ बाहेरून लावा. पांढरा, खाण्याचा बर्फ असेल तर तो थेट माशाला लागू द्या.

अंतर दोन-तीन तासांचं असेल तर मासे आहेत तसे अख्खे न्या. त्याहून लांब, पुण्या-मुंबईपर्यंत न्यायचे असतील तर तिथेच पोट आणि कल्ले काढून घ्या, कारण मासा कुजायला सुरुवात तिथूनच होते. मासेवाली थोड्या पैशांत हे करून देते. धुवायला मात्र बंदराच्या धक्क्यालगतचं पाणी वापरू देऊ नका. त्या पाण्यात डिझेलपासून सांडपाण्यापर्यंत सगळं असतं.

आता गंभीर गोष्ट. बांगडा, तारली (मालवणीत पेडवे), कुपा (ट्यूना) या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा काही तास उबेत पडला की जिवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. ते एकदा तयार झालं की उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, कधी उलट्या-जुलाब होतात. लोक म्हणतात 'मला बांगड्याची ॲलर्जी आहे', आणि कधी कधी तो फक्त उन्हात पडलेला बांगडा असतो. खाताना जीभ मिरीसारखी चुणचुणली तर घास थुंकून टाका. त्रास झाला, विशेषतः श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे जा.

विळी नको, कात्री घ्या

आमच्या घरी विळीवर मासे कापतात. उजवा पाय पाटावर, दोन्ही हातांनी मासा पात्याकडे न्यायचा. सासूबाईंचे हात बघत बसावेत असे चालतात. मी पहिल्या महिन्यात दोनदा बोट कापून घेतलं आणि स्वयंपाकघरातली दणकट कात्री काढली. घरात थोडी कुजबुज झाली. आता जाऊबाईही कात्रीच वापरतात.

जुन्या वर्तमानपत्राचे चार पदर पसरा, शेजारी लहान सुरी, कात्री, एक ताटली आणि घाणीसाठी पिशवी. मांजराला आधीच बाहेर काढा. मासे सगळे एकदम काढू नका. एक हातात, बाकीचे बर्फावर.

आधी खवले. बांगड्याला ते दिसतही नाहीत, पण असतात. शेपूट चिमटीत धरा आणि सुरीची बोथट बाजू शेपटाकडून डोक्याकडे, उलट्या दिशेने हलकेच ओढा. दोन्ही बाजूंनी तीन-चार वेळा पुरे. मग कात्रीने पाठीवरचे, पोटाखालचे आणि छातीजवळचे पर आणि शेपटाचं टोक कापा.

कल्ले. झाकण उचलून लाल कमानी दिसतात त्या वरच्या आणि खालच्या टोकाला कात्रीने कापा, आणि बोटाने ओढून काढा. डोकं ठेवणार असाल तर कल्ले पूर्ण निघायलाच हवेत, कारण रस्सा कडू होतो तो बरेचदा राहिलेल्या कल्ल्यामुळे.

पोट. पोटाच्या मागच्या टोकाला बारीक छिद्र असतं. तिथे कात्रीचं टोक घालून गळ्यापर्यंत सरळ काप द्या. टोक वरवर ठेवा, आत खुपसू नका. आत खुपसलं की पित्ताची हिरवट पिशवी फुटते आणि जिथे तो रस लागतो तिथलं मांस कडू होतं. फुटलीच तर ती जागा लगेच मिठाने चोळून धुवा. आतडी दोन बोटांनी गळ्याकडून शेपटाकडे ओढली की एकत्र निघतात. गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिवळसर-नारिंगी जोडी दिसली तर अलगद बाजूला ठेवा. घाणीत टाकली तर कुणीतरी तुमच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

बहुतेक लोक इथे थांबतात, पण काम अजून राहिलेलं असतं. पोटाच्या आतल्या भिंतीला काळा पातळ पडदा असतो, आणि कण्याला चिकटून रक्ताची गडद रेघ असते. पडदा बोटाने किंवा फडक्याने घासून काढा. रक्ताच्या रेघेवर नखाने किंवा चमच्याच्या टोकाने एक ओरखडा काढा आणि घासा. 'बांगडा फार उग्र लागतो' असं म्हणणाऱ्यांच्या ताटात बहुधा हे रक्त राहिलेलं असतं.

आणि आता पाणी. आत-बाहेर चिमूटभर जाडं मीठ चोळा, वाहत्या गार पाण्याखाली दहा-पंधरा सेकंद धरा, झालं. बुडवून ठेवायचं नाही. चाळणीत निथळू द्या, मग सुती फडक्याने आतून-बाहेरून टिपून घ्या. मासा कोरडा हवा, यावर मी कितीही वेळा बोलू शकते. ओला मासा तव्याला चिकटतो, ओल्या माशाला मसाला धरत नाही, ओला मासा फ्रीजमध्ये लवकर चिकट होतो.

हाताचा वास साबणाने जात नाही, कारण तो ज्या द्रव्यांचा असतो ती आम्लाने मरतात. दोन-तीन आमसुलं पाण्यात कुस्करून त्याने हात चोळा. लिंबाची सालही चालते. मासा शिजवताना आपण कोकम-चिंच घालतो त्यालाही हेच कारण आहे, चव हा वरचा फायदा.

घाणीचं काय? अंगण असेल तर माडाच्या मुळाशी हातभर खोल पुरा, वरवर पुरलं तर रात्री कुत्री उकरतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर ती पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरच्या एका कोपऱ्यात ठेवा आणि घंटागाडी येईल त्या सकाळी बाहेर काढा. हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात. दुसऱ्या दिवशीचा जिना आठवला की ऐकतात.

घरात किती टिकेल

साफ केलेला बांगडा त्याच दिवशी खाल्ला तर उत्तम. उद्यासाठी ठेवायचा तर स्टीलच्या खोल डब्यात बारीक बर्फ, त्यावर चाळणी, चाळणीत टिपलेले मासे, वरून सैल झाकण, आणि डबा फ्रीझरच्या लगेच खालच्या गार कप्प्यात. घरचा फ्रीज साधारण चार अंशांवर चालतो, बर्फ शून्यावर, आणि माशाच्या बाबतीत या चार अंशांचा फरक मोठा असतो. बर्फावर दुसरा दिवस निघतो. नुसत्या फ्रीजमध्ये बांगड्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ताणू नये.

फ्रीझरमध्ये ठेवायचे असतील तर ताजे असतानाच ठेवा. 'आज नको, उद्या नको, चला आता फ्रीझरमध्ये टाकू' असं केलं की शिळाच मासा गोठतो. एका वेळेला लागतील तेवढेच एका पिशवीत, एका थरात, हवा दाबून काढून. वर तारखेची चिठ्ठी लावा. उणे अठरा अंशांवरही बांगड्याचं तेल हळूहळू खवट होत असतं, त्यामुळे दोन महिन्यांत संपवा. कमी तेलाचे मासे याहून जास्त राहतात. बाहेर काढल्यावर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर सुटू द्या. गरम पाण्यात टाकू नका आणि एकदा सुटलेला पुन्हा गोठवू नका.

मीठ-हळद लावून तास-दोन तास फ्रीजमध्ये ठेवणं ठीक. आगळ (कोकमाचा रस) किंवा लिंबू लावून मात्र अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, आम्लाने मांस आधीच पांढरं आणि भुसभुशीत होतं.

तव्यावर

चार मध्यम बांगडे घ्या. दोन्ही बाजूंना तिरक्या तीन-तीन चिरा द्या, काट्याला लागेपर्यंत. चिरांनी मसाला आत जातो आणि मासा वाकत नाही. एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे कोकमाचं आगळ, दोन ते तीन चमचे मालवणी मसाला किंवा लाल तिखट, एक चमचा आलं-लसणाचं वाटण. आगळात मीठ आधीच असेल तर वरचं मीठ निम्मं करा. हे चिरांत आणि पोटात चोळून वीस मिनिटं ठेवा.

ताटलीत तीन चमचे तांदळाचं पीठ आणि तीन चमचे बारीक रवा एकत्र करा. मासा त्यात घोळवून उचला आणि झटका. जास्तीचं पीठ तेलात गळून जळतं आणि पुढच्या माशाला कडवटपणा येतो.

बिडाचा तवा असेल तर तोच. आधी तवा नीट तापू द्या, मग तेल, तेल तापलं की मासा. आच मध्यम. आणि आता हात मागे. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला उलथणं घालून बघणं. कातडं तव्याला आधी धरतं, पुरतं भाजलं की आपणहून सोडतं. चार मिनिटांनी उलथणं कडेने सरकवून बघा. सहज सरकलं तर उलटा, अडकलं तर आणखी एक मिनिट. दुसऱ्या बाजूला तीन-चार मिनिटं. तव्यावर गर्दी नको, दोनपेक्षा जास्त बांगडे एका वेळी टाकू नका.

शिजला का ते बघायला पाठीजवळच्या जाड भागात सुरीचं टोक घाला. मांस पांढरट, अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटलं की झाला. काट्याजवळ काचेसारखं गुलाबी दिसलं तर आणखी दोन मिनिटं.

तिखलं

तळणं जमलं की तिखल्याकडे या. खरं तर मला तिखलं सोपं वाटतं. यात उलथायचं काही नसतं.

आठ-दहा बेडगी मिरच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. त्या, एक चमचा धणे, पाव चमचा हळद, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या आणि मूठभर ओलं खोबरं एकत्र गंधासारखं बारीक वाटा. मूठभरच. जास्त खोबरं घातलं की ते माशाचं सार होतं, तेही छान, पण तिखलं नव्हे. काही घरांत खोबरं अजिबात घालत नाहीत.

सहा-सात तिरफळं घ्या. सुकलेल्या तिरफळाच्या आत काळी बी असते ती काढून टाका, आपल्याला फक्त साल हवी. ती थोड्या पाण्यात चेचून ठेवा. मिक्सरमध्ये वाटू नका, कडू होतं. तिरफळाचा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला औषधी वाटतो आणि जिभेला झिणझिण्या येतात, पण बांगड्याच्या तेलकटपणाला इतकं चांगलं उत्तर दुसरं नाही. तिरफळ नसेल तर घालू नका. त्याच्या जागी मिरी किंवा गरम मसाला टाकून वेगळाच पदार्थ होतो.

पसरट टोपात वाटप, दीड वाटी पाणी, पाच-सहा आमसुलं आणि मीठ घालून उकळी आणा. पाच मिनिटं उकळू द्या, मिरचीचा कच्चा वास इथेच जायला हवा, कारण मासा पडल्यावर तेवढा वेळ मिळत नाही. मग बांगड्याचे दोन-दोन तुकडे एका थरात सोडा. वरून तिरफळाचं पाणी, सालीसकट. आच कमी.

यापुढे टोपात डाव घालायचा नाही. ढवळावंसं वाटलं तर फडक्याने टोपाचे दोन्ही कान धरून टोपच गोल फिरवा. सात-आठ मिनिटांत मासा शिजतो आणि रस अंगाबरोबर येतो. गॅस बंद करून एक चमचा कच्चं खोबरेल तेल वरून सोडा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा.

इतर मासे, थोडक्यात

हात बसला की हेच सगळीकडे चालतं, थोडे फरक सांभाळायचे. बोंबलात पाणीच फार. डोकं आणि पर काढून मधून चिरून उघडा, मीठ लावा, दोन फडक्यांत ठेवून वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं अर्धा तास ठेवा. निघालेलं पाणी बघून तुम्हीच दचकाल. मगच रव्यात घोळवायचा.

कोळंबीचं डोकं काळं पडलं असेल तर ती जुनी. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. तीन-चार मिनिटांत शिजते, त्यापुढे रबर.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, जिवंतच हव्यात. उघड्या शिंपलीवर टिचकी मारली आणि ती मिटली नाही तर फेकून द्या. शिजल्यावर न उघडलेली शिंपलीही फेका, जोर लावून उघडू नका. ठेवायच्या असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळा. गोड्या पाण्यात बुडवल्या की मरतात.

सुरमई शक्यतो अख्खी बघून समोर कापून घ्या. तुकडी मधल्या काट्यापासून सुटू लागली असेल तर मासा जुना. पापलेट साफ करायला सगळ्यांत सोपं, खवले नावापुरते आणि पोट लहानसं. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, त्याने भाव मात्र काही उतरला नाही. लहान पापलेट घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी. तळहाताएवढंही न वाढलेलं पिल्लू तव्यावर आकसून पापड होतं, आणि पुढच्या वर्षीचं पापलेट कमी होतं ते वेगळंच.

उरलेलं तिखलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी काढून एक उकळी आणा, तीही टोप फिरवूनच. रात्रभरात आमसूल आणि तिरफळ मुरलेलं असतं, रस दाट झालेला असतो. आमच्याकडे ते उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खातात, आणि सासूबाई टोपाच्या तळाशी राहिलेला शेवटचा तुकडा कुणालाही न विचारता स्वतःच्या ताटलीत घेतात.